दीड लाखात पोलो टीएसआय पळवायचीय, पण सुरुवात कुठनं करू?

प्रश्न : दादा नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर काम करतो. मागच्या दिवाळीत २०२१ ची पोलो १.० टीएसआय मॅन्युअल घेतली, सेकंडहँड, ५८ हजार किलोमीटर झालेली. गाडी बाबांच्या नावावर आहे. रविवारी गगनबावड्याला जातो, कधी आंबा घाटानं रत्नागिरीला. दीड लाख साठवलेत. एक गॅरेजवाला म्हणतो हेडर, मोठा इंटरकूलर, डाउनपाइप, ब्लो-ऑफ व्हॉल्व आणि स्टेज टू रीमॅप सगळं १ लाख ४० हजारात करतो, १६० हॉर्सपॉवर गॅरंटी. दुसरा म्हणतो नुसता रीमॅप कर, ३५ हजार. चारी टायर कंपनीतनं आलेलेच आहेत, नव्याचं कोटेशन ३६ हजार आलंय, पण टायरवर एवढे घालायचं जीवावर येतंय. घरात अजून कुणाला काही बोललेलो नाही. काय करू?

उत्तर : भावा, पहिलं त्या हेडरचं बोलतो, कारण त्या एका शब्दावरनंच तुझे १ लाख ४० हजार वाचणार आहेत. तुझ्या गाडीत ईए२११ घराण्यातलं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, आणि ह्या इंजिनाला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करणारा भाग, असा वेगळा नसतोच, आणि हेडर त्याच्याच जागी लावायचा असतो. तो सिलिंडर हेडच्या कास्टिंगमध्येच ओतलेला असतो आणि टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) सरळ हेडला बोल्ट होतो. तू शिरोलीत काम करतोस, एकाच कास्टिंगमध्ये ओतलंय म्हणजे काय ते तुला मी काय सांगू. हेडर लावायला तिथं जागाच नाही. इंटरकूलरचंही (टर्बोनं दाबलेली हवा थंड करतो तो) तसंच, ह्या गाडीत तो बंपरमागं नसतो, पाण्यानं थंड होणारा असतो आणि इनटेक मॅनिफोल्डच्या आतच बसवलेला असतो, त्यामुळं "मोठा इंटरकूलर टाकू" हे बोलायला सोपं आहे पण करायचं म्हटलं तर मॅनिफोल्डपासनं सगळं पाइपिंग नवं उभं करावं लागतंय, आणि ते तुझ्या बजेटमध्ये बसत नाही. तो माणूस वाईट असेल असं माझं म्हणणं नाही, चांगला मेकॅनिकही असेल, पण त्यानं हे इंजिन कधी उघडून बघितलेलं नाही एवढं नक्की. आणि ज्यानं उघडलेलं नाही त्याच्या हातात तुझी सगळी बचत देऊ नकोस.

आता १६० चा हिशोब करू, कारण तू आकड्यात काम करणारा माणूस आहेस. कंपनीचा आकडा ११० पीएस (म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) आणि १७५ न्यूटन-मीटर, आणि तो टॉर्क १७५० ते ४००० आरपीएमपर्यंत सपाट मिळतो. पॉवर म्हणजे वेगळं काही नसतंय, टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९५४९ केलं की किलोवॅट येतात. ४००० ला १७५ धरलं तर ७३ किलोवॅट, म्हणजे १०० पीएसच्या आसपास. ५००० ला कंपनी ११० सांगते, म्हणजे तिथं टॉर्क १५४ वर आलेला असतो. याचा अर्थ वरच्या आरपीएमला तो छोटा टर्बो आधीच दमायला लागलाय. आता ५००० ला १६० पाहिजे तर तिथं २२५ न्यूटन-मीटर लागतात. जो टर्बो १५४ वर धापा टाकतोय त्याच्याकडनं त्याच जागी २२५ काढायचे म्हणजे टर्बोच बदलायला पाहिजे, आणि टर्बो तर तुझ्या कोटेशनमध्ये नाहीच. डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनचा) कागद माग, ह्याच मॉडेलचा, आधीचा आणि नंतरचा, एकाच दिवशी काढलेला. आणि तो आकडा चाकावरचा की क्रँकवरचा (थेट इंजिनावरचा) तेही विचार, कारण दोन्हींत साधारण १५ टक्क्यांचा फरक पडतो आणि ज्याला जे सोयीचं ते तो सांगतो.

मग रीमॅपचा, म्हणजे ईसीयूचं (गाडीच्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर बदलायचा, उपयोगच नाही का, तर आहे, आणि चांगला आहे, पण तो मध्ये आहे, वर नाही. समज ३००० ला १७५ च्या जागी २२० मिळाले तर ७५ पीएसचे ९४ झाले. गगनबावड्याच्या रस्त्यावर ट्रकच्या मागनं बाहेर निघताना तू ३००० लाच असतोस, ५५०० ला नव्हे. म्हणजे तुला जे पाहिजे ते मिळतंय, फक्त त्याला १६० चं नाव देऊन विकलं जातंय. आणि हे "स्टेज वन, स्टेज टू" म्हणजे कुठला आयएसआय मार्क नाही, दुकानदुकानाची भाषा आहे. साधारण नुसतं सॉफ्टवेअर म्हणजे वन, त्याला इनटेक-एक्झॉस्ट जोडलं की टू, टर्बो बदलला की थ्री, एवढाच अर्थ.

पण रीमॅप पहिला नाही. तू मशीनवर फीड वाढवायच्या आधी काय करतोस, इन्सर्ट बघतोस, कुलंट बघतोस, जॉब नीट क्लॅम्प झालाय का बघतोस, मग पहिला पीस काढून मोजतोस. सगळं सैल ठेवून नुसता फीड वाढवला तर काय होतंय ते तुला माहीत आहे. गाडीतही तेच कर. एक चांगला ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारा) घे, फोक्सवॅगनला ओबीडीइलेव्हन चालतो, आणि रीमॅपच्या आधी काही महिने नुसतं मोज. मोकळा रस्ता बघ, फोन धरायला शेजारी कुणीतरी बसव, कायद्याच्या वेगात राहून तिसऱ्या गिअरला २००० पासनं ४५०० पर्यंत पूर्ण पॅडल, असे तीन रन काढ. चार गोष्टी बघायच्या. ईसीयू मागतोय तेवढा बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) मिळतोय का. प्रत्येक सिलिंडरला इग्निशन किती मागं ओढलं जातंय. आत जाणाऱ्या हवेचं तापमान किती चढतंय. आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) किती आहे, शून्याच्या आसपास पाच टक्के इकडं-तिकडं असलं तर ठीक, १० च्या वर कायम राहत असेल तर कुठंतरी हवा गळतेय किंवा सेन्सर खोटं बोलतोय. बूस्ट मागितलेला एक आणि मिळालेला एक असं दिसलं तर होज, क्लॅम्प सगळं धूर सोडून तपासून घे. गळक्या गाडीवर रीमॅप मारला की टर्बो ती गळती भरून काढायला आणखी जोरात फिरतो, आणि मग टर्बो गेला की लोक रीमॅपला शिव्या देतात.

५८ हजार झालेत तर प्लग बदलूनच टाक. बूस्ट वाढला की सिलिंडरमधल्या दाबामुळं ठिणगी पडायला जास्त जोर लागतो, आज जुन्या प्लगवर गाडी गप चालतेय ती उद्या मिसफायर करेल. ह्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळं इनटेक व्हॉल्व पेट्रोलनं कधी धुतले जात नाहीत आणि त्यांच्या मागच्या बाजूला कार्बन चढत राहतो. बोअरस्कोप घालून बघायला सांग. लई चढला असेल तर अक्रोडाच्या कवचाचा बारीक चुरा हवेच्या दाबानं मारून साफ करतात, फाउंड्रीत शॉट ब्लास्टिंग करतात तसंच, फक्त मऊ हातानं. थोडाच असेल तर आत्ता हात लावू नकोस, पैसे ठेव.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते आणि जिच्याबद्दल गॅरेजमध्ये कुणी बोलत नाही. लहान टर्बो पेट्रोल इंजिनात लो-स्पीड प्री-इग्निशन म्हणून एक प्रकार असतो. आरपीएम कमी, पण पॅडल खोल दाबलेलं, म्हणजे पाचव्या गिअरला १५०० वर असताना समोर चढ आला आणि तू खाली न येता तसंच दाबत राहिलास, अशा वेळी सिलिंडरमध्ये तेलाचा एखादा थेंब किंवा कार्बनचा कण ठिणगी पडायच्या आधीच पेट घेतो. साधं नॉकिंग (ठिणगीनंतर उरलेलं पेट्रोल आपोआप फुटणं) वेगळं, ते ईसीयू ऐकतो आणि ठिणगी मागं घेतो. ह्यात ठिणगीच्या आधीच सगळं झालेलं असतं, त्यामुळं ईसीयूला वाचवता येत नाही, आणि एका फटक्यात पिस्टनची रिंग जिथं बसते ती कड तुटू शकते. रीमॅप स्वस्तातला असेल तर तो नेमका इथंच, खालच्या आरपीएमला, टॉर्क कोंबतो, कारण गाडी दुकानातनं बाहेर काढली की गिऱ्हाइकाला पहिला तोच झटका कळतो. म्हणून मॅप करणाऱ्याला स्पष्ट सांगायचं की २००० च्या खाली मला जास्तीचं काही नको, टॉर्क हळू चढव. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं आणि अप्रूव्हलचंच, आणि डब्यावर एपीआय एसपी असेल तर उत्तम, २०२० साली आलेली ती श्रेणी ह्या प्रकारापासनं संरक्षण धरूनच बनवलेली आहे. ऑइल कंपनीच्या अंतराच्या आधी बदल. आणि गिअर टाकायचा कंटाळा करू नकोस, मॅन्युअल घेतलीयस ती त्यासाठीच.

टायर. तुझ्या जीवावर येतंय तेच मी तुला पहिलं करायला सांगणार आहे. २०२१ चे टायर म्हणजे रबर कडक झालेलं, नक्षी दिसत असली तरी. साइडवॉलवर चार आकडे बघ, २२२१ असेल तर २०२१ सालचा २२ वा आठवडा. तुझ्या गाडीची सगळी ताकद, सगळे ब्रेक, सगळं स्टिअरिंग त्या चार तळहाताएवढ्या जागांतनं जमिनीला लागतंय, आणि तू जातोस कुठं तर गगनबावड्याला, जिथं पावसाळ्यात पाऊस थांबायचं नाव घेत नाही, आणि तिथनं खाली करूळ घाट. ८० वरनं १०० ला गेलास तर वेग पंचवीस टक्केच वाढतो पण थांबवायची ऊर्जा छप्पन टक्के वाढते. ऊस हंगामात तर विचारूच नको. बालिंग्यापासनं पुढं, कुडित्र्याला कुंभी-कासारीकडं वळणाऱ्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि उसाचं टोक ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेलं. तिथं २० हॉर्सपॉवर जास्त असून काय करणार, तिथं गाडी थांबली पाहिजे. टायरबरोबर ब्रेक फ्लुइड बदल, दोन वर्षांनी बदलायचंच असतं. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट फोर किमान २३० अंशाला उकळतं आणि पाणी पिलेलं १५५ पर्यंत खाली आलं तरी चालतं असं त्याचं स्टँडर्डच आहे. आंब्याहून साखरप्याला उतरताना सारखा ब्रेकवर पाय असला की पेडल मऊ व्हायला लागतं ते त्यामुळं. पुढचे पॅड चांगल्यातले घाल, मागं ड्रम आहेत ते उघडून साफ करून घे, झालं, मोठ्या डिस्कच्या नादाला लागू नकोस.

क्लचचं माझ्यावरनं सांगतो. माझ्याकडं आधी एक टर्बो हॅचबॅक होती, तिला मी रीमॅप केला, क्लच किती उरलाय ते मीही बघितलं नाही आणि करणाऱ्यानंही विचारलं नाही. दोन महिने लई मजा आली. मग चार माणसं आणि सामान घालून आंबा घाट चढताना तिसऱ्या गिअरला आरपीएम सरकन वर गेला आणि गाडी आहे तिथंच, मागनं जळका वास. बायको-पोरं रस्त्याच्या कडेला उभी, धुकं उतरलेलं, मलकापूरहून टो करायला गाडी येईपर्यंत तीन तास गेले. क्लच आणि फ्लायव्हीलला रीमॅपपेक्षा जास्त पैसे गेले, पण मला आजही आठवतात ते पैसे नव्हे, ते तीन तास. म्हणून तू आत्ताच तपास. चौथ्या गिअरला २५०० वर ये आणि पूर्ण दाब. आरपीएम आणि स्पीड हातात हात घालून चढले तर क्लच ठीक. आरपीएम पुढं पळाला तर रीमॅप विसर आणि तो पैसा क्लचला ठेव. तुझं मॅन्युअल आहे ते बरंच आहे, जुन्या जीटी टीएसआयमधल्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) मर्यादाच २५० न्यूटन-मीटरची, तिथं रीमॅपवाला त्याच्या वर गेला की सगळाच इस्कोट.

डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) नको. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून जे लावतात ते तर अजिबात नको. ब्लो-ऑफ व्हॉल्वनं आवाज मिळतो, ताकद मिळत नाही. आणि इथं कायद्याचं नीट ऐक, कारण गाडी बाबांच्या नावावर आहे असं तू लिहिलंयस. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरची जी माहिती, ती कंपनीनं मुळात दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल असा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. कलम १८२ए मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, किंवा दोन्ही. मालक म्हणजे कोण, तुझे बाबा. आवाज आणि धुराचं कलम १९० वेगळं, त्यात दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. रीमॅप डोळ्याला दिसत नाही म्हणून तो नियमात बसतो असं समजू नकोस. आणि इन्शुरन्सही बाबांच्याच नावावर असणार, बदल लपवला आणि उद्या काही झालं तर क्लेम त्यांचा अडकणार. तेव्हा बाबांना सांगितल्याशिवाय ह्यातलं सॉफ्टवेअरचं काही करू नकोस. सांग, कागद दाखव, इन्शुरन्स कंपनीला लेखी विचार. नाही म्हणाले तर टायर, ब्रेक, सर्व्हिस एवढं केलेली पोलो टीएसआयसुद्धा लई सुंदर गाडी आहे, आणि तुझ्याकडं सत्तर हजारांच्या आसपास उरलेले असतील.

पेट्रोलचं थोडक्यात. मॅप ज्या ऑक्टेनवर (पेट्रोल अकाली न पेटता किती दाब सोसतं तो आकडा) केला त्याच ऑक्टेनवर गाडी पळवायची. ९५ वर मॅप करून घेतलास तर एक्सपी ९५ किंवा त्याच्या वरचं, कायम. ४५ लिटरची टाकी आहे, घाटाखाली उतरायच्या आधी कोल्हापुरातच फुल्ल कर, खाली पाहिजे ते मिळेलच याचा भरवसा धरू नकोस. इथेनॉलमुळं ऑक्टेन वाढतं हे खरं, पण इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी. शुद्ध पेट्रोलला एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, ई२० ला (२० टक्के इथेनॉल घातलेल्या पेट्रोलला) साडेतेराच, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त फवारावं लागतं. मॅप करणाऱ्यानं हे धरलंय का ते विचार. तुझी गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची आहे, ई२० ला चालणारं रबर आणि पाइप त्या तारखेपासनंच सक्तीचे झाले, तेव्हा सर्व्हिसच्या वेळी फ्युएल लाइन आणि सील डोळ्याखालनं घालायला सांग.

पैशाचं मी असं धरलंय. टायर ३६ हजार, तू लिहिलेलेच. ब्रेक आणि फ्लुइडला १२. प्लग, ऑइल, कूलंट, गळती तपासणं, डोंगल मिळून ३० पर्यंत. हे पहिल्या महिन्यात. मग सहा महिने गप गाडी चालव आणि लॉग काढत राहा. पावसाळा एक जाऊ दे. त्यानंतर लॉग स्वच्छ असतील, क्लच पकडत असेल आणि बाबा हो म्हणाले असतील तर रीमॅपला ३५, अशाच माणसाकडनं जो आधी तुझे लॉग बघायला मागेल, नंतर स्वतः लॉग काढून देईल आणि मूळ फाइल परत टाकून द्यायची लेखी हमी देईल. राहिलेल्या ३७ हजारांना हात लावायचा नाही. ते क्लचचे आहेत, टर्बोचे आहेत, एखाद्या कॉइलचे आहेत. टर्बो गाडीत बजेट म्हणजे लावायला किती आहेत एवढंच नसतं, तुटल्यावर किती आहेत हेही असतं.

आणि त्यातले दोन-तीन हजार मात्र काढ आणि मोहिते रेसिंगच्या गो-कार्ट ट्रॅकवर जा. आपल्या कोल्हापुरातच ट्रॅक आहे आणि पोरं गगनबावड्याच्या रस्त्यावर स्वतःला आजमावतात याचं मला मनापासनं वाईट वाटतं. कार्टला ना टर्बो ना एबीएस, ब्रेक कुठं मारायचा आणि पॅडल कुठं उघडायचं ते हाताला आणि कमरेला कळतं.

टायरवरचे चार आकडे आणि पहिल्या तीन रनचे लॉग पाठव. तिसऱ्या सिलिंडरला इग्निशन बाकीच्या दोघांपेक्षा जास्त मागं जातंय का ते मला आधी बघायचंय.